टोकाच्या माडाला पाणी

चोंढीच्या नाक्यावर माझं औषधांचं दुकान आहे आणि रस्त्यापलीकडे डॉक्टर कुमुद चौलकरांचं हॉस्पिटल होतं. मधल्या रस्त्यावर मांडव्याच्या बोटीसाठी धावणाऱ्या गाड्यांची ही रांग, हॉर्न कोकलतायत, कुत्री भुंकतायत, आणि त्या सगळ्याला चिरत ऑपरेशनच्या खोलीतून बाईंचा ‘कात्री!’ हा पुकारा माझ्या गल्ल्यापर्यंत यायचा. एकदा तर दुकानातलं गिऱ्हाईक दचकून स्वतःच्या पिशवीत कात्री शोधायला लागलं होतं. हे मी वाढवून सांगतोय असं तुम्हाला वाटेल. बाईंनाही वाटायचं. “दुकानदार,” त्या म्हणायच्या, “तुमच्या गोष्टी निम्म्या कापल्या तरी रक्त यायचं नाही.”

रक्त आलं की बाई खूश. चारचौघांना रक्त बघून घेरी येते, बाईंना भूक लागायची. प्लॅस्टिक सर्जन होत्या. पण हॉस्पिटलच्या पाटीवर हे दोन शब्द त्यांनी मुद्दाम लहान अक्षरांत लिहून घेतले होते. मोठी लिहिली तर लोक तुटलेल्या बादल्या घेऊन येतील, असं त्यांचं म्हणणं. एक म्हातारा खरंच आला होता. बादली नव्हती, पाण्याची टाकी होती. बाईंनी त्याला बसवून त्याच्या पायावरची जुनी जखम बघितली, मलमपट्टी केली आणि टाकीवाल्याचा पत्ता दिला.

मूळच्या किहीमच्या. नारळाची वाडी, पोफळी, विहीर, सगळं खानदानी. मुंबईच्या मोठमोठ्या हॉस्पिटलांत आयुष्य घालवून पन्नाशी उलटल्यावर परत आल्या. उंची बेताची, रुंदी ऐसपैस, पायात पुरुषी सँडल, केस इतके आखूड की वाऱ्यालाही पकडता येऊ नयेत. आणि एक सवय अशी की नवा माणूस घाबरायचाच. बाई भेटल्या की नमस्कार वगैरे नाही, सरळ तुमचा हात धरायचा, अंगठ्याने कातडी दाबायची, सोडायची आणि पांढरा पडलेला ठिपका परत लाल कधी होतो ते बघत बसायचं. लग्नाच्या रिसेप्शनला नवरा-नवरीचे हात असे तपासले. सरपंचाचे तपासले. बाजारात टोमॅटो दाबला तेव्हा भाजीवाली ओरडली, “बाई, तो बरा आहे, त्याला काय नाही झालेलं!”

माझी आणि त्यांची पहिली भेट मात्र एका नाजूक मलमावरून झाली.

हॉस्पिटल नुकतंच उघडलं होतं. बाई दुकानात आल्या, माझा हात दाबून बघितला, पास केला आणि नायट्रोग्लिसरीनचं मलम मागितलं. आता आमच्या धंद्यात हे मलम कशासाठी जातं हे जगाला ठाऊक आहे. बसायच्या जागी चिरा पडून ज्यांना बसवत नाही, ते लोक संध्याकाळी दुकान रिकामं झालं की येतात आणि कुजबुजत मागतात. बाईंनी खणखणीत आवाजात मागितलं. दुकानात चारजण होते.

“किती देऊ?” मी आवाज खाली आणून विचारलं.

“सगळं.”

संध्याकाळपर्यंत आख्ख्या नाक्यावर बातमी होती की नव्या हॉस्पिटलात कोणालाच बसता येत नाही. दुसऱ्या दिवशी बाई परत आल्या. मी त्यांना अदबीने स्टूल न देता उभंच ठेवलं. तेव्हा त्यांना उलगडा झाला आणि त्या अशा हसल्या की फळीवरच्या खोकल्याच्या बाटल्या एकमेकींवर वाजल्या.

मग त्यांनी मला जे समजावलं, ते मला कॉलेजात कोणी समजावलं नव्हतं.

“तुमच्याकडे वाडी आहे का?”

“नाही.”

“म्हणून अडाणी आहात. ऐका. विहिरीतून पाणी पाटात सोडलं की पहिल्या माडाला भरपूर मिळतं, दुसऱ्याला मिळतं, टोकाचा माड तहानलेला राहतो. बरोबर? एखाद्याच्या हाताची कातडी गेली, हाड उघडं पडलं, की मी दुसरीकडची कातडी उचलून तिथे बसवते. पण सगळी तोडत नाही. एका बाजूने मूळ जागेला चिकटलेलीच ठेवते. रक्त तिकडूनच यायचं. ह्याला आम्ही फ्लॅप म्हणतो. आता सांगा, हा फ्लॅप मरायला लागला तर कुठून मरेल?”

“टोकाकडून.”

“पास. तर तुमचं हे मलम रक्ताच्या नळ्या सैल करतं. खाली लावा नाहीतर वर लावा, नळ्यांना काय कळतंय. टोकाला लावलं की पाट थोडा मोकळा होतो. कधी कधी तेवढ्याने माड तगतो.”

“कधी कधीच?”

“पाटातला पाला काढणारा माणूस आहे तो, दुकानदार. विहीर आटली असेल तर तो काय करणार?”

हे ‘कधी कधी’ बाईंच्या तोंडी फार असायचं. एवढा दणदणीत आवाज आणि औषधाबद्दल बोलताना मात्र शब्द तोलून मापून. मला ते सोसायचं नाही. माझ्या गल्ल्यावर बसून कोणी औषधाबद्दल इतकं खरं बोललं तर धंदा कसा व्हायचा? तेव्हा उरलेलं मी भरून काढायचो. नायट्रोग्लिसरीन हे सुरुंगाच्या दारूतही असतं, ही माहिती मी एक दिवस गिऱ्हाइकांना सहज पुरवली. खोटी नाही, शंभर टक्के खरी. तिसऱ्या दिवशी बाईंच्या वॉर्डात पेशंटचे नातेवाईक एकमेकांना सांगत होते की दार हळू लावा, दणका बसला तर हात उडेल. एका आजीने पेशंटच्या खोलीत काडेपेटी न्यायला बंदी केली. बाईंना हे कळलं तेव्हा मला वाटलं, आता माझी कातडी जाणार. पण त्या म्हणाल्या, “चालू द्या. निदान विड्या तरी ओढत नाहीत जवळ.”

विडी, सिगारेट, तंबाखू, मशेरी ह्या चार शत्रूंशी बाईंचं हाडवैर. तंबाखूने नळ्या आकसतात, आकसलेल्या नळ्यांवर फ्लॅप जगत नाही, एवढं साधं गणित. पण त्यासाठी त्या पेशंटच्या टोप्या हुंगायच्या, उशा उचलून बघायच्या. एकदा शनिवारच्या बोटीने मुंबईहून एक शेठ आले. किहीमला त्यांचा बंगला. चेहऱ्याची कातडी ताणून तरुण व्हायचं होतं. बाईंनी विचारलं, सिगारेट? शेठ म्हणाले, छे, सोडून वर्ष झालं. बाईंनी मान डोलावली, खिडकीपाशी गेल्या आणि खाली गाडीत बसलेल्या ड्रायव्हरला वरूनच हाक मारली, “अहो, शेठची सिगारेट संपलीय, आहे का गाडीत?”

“कुठली देऊ मॅडम? साधी की लवंगवाली?”

शेठना त्यांनी खुर्चीतून उठवलं. “तुमची कातडी मी कानामागे ताणीन, आणि आठवड्याभरात ती कानामागेच काळी पडेल. मग लोक म्हणतील, चौलकरबाईंनी शेठना अर्धा जाळला. आधी खरी सोडा, मग या.” शेठ परत आले नाहीत. ड्रायव्हर आला, त्याने विडी सोडली होती. त्याला काही करून घ्यायचं नव्हतं, नुसतं सांगायला आला होता.

आता बोडणीची गोष्ट. बाईंचं सगळं चौलकरपण ह्या एका गोष्टीत आहे.

बोडणीच्या कोळ्यांची माणसं ट्रॉलरवर जातात आणि जाळं ओढायच्या विंचमध्ये कोणाचं ना कोणाचं बोट जातं. पूर्वी बोट गेलं की ते समुद्रालाच वाहायचे. बाईंनी बोडणीच्या धक्क्यावर उभं राहून एक भाषण केलं. माइक दिला होता, पण माइकचीच पंचाईत झाली. तुटलेलं बोट टाकू नका, स्वच्छ फडक्यात गुंडाळा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला, ती पिशवी बर्फात ठेवा आणि माझ्याकडे पळत या. बर्फ? बोडणीत? अहो, त्या गावात प्यायच्या पाण्यापेक्षा बर्फ जास्त. बायकांनी मान डोलावली. हे सांगायला डॉक्टरीण कशाला पाहिजे, पापलेटचं तेच करतो, बोटाचंही करू.

त्यानंतर काही काळाने हिराजी आला. हिराजी म्हणजे ट्रॉलरचा तांडेल. समुद्रात गेल्यावर ट्रॉलर आणि त्यावरची माणसं दोन्ही ज्याच्या शब्दावर चालतात तो. विंचच्या दोराने त्याच्या उजव्या हाताची पाठ हातमोजा काढावा तशी सोलली होती. बोटं शाबूत होती, पण वरचं झाकण गेलेलं. शिरा, हाडं सगळं उघड्यावर. झाकलं नाही तर ते सुकणार, सडणार आणि मग हातच कापावा लागणार. हिराजीच्या हातावर ट्रॉलर होता, आणि ट्रॉलरवर बोडणीतली बरीच चुलखंडं. त्याची बायको जानकी बाईंना एवढंच म्हणाली, “बाय, तो डाव्या हातानं जेवंल. पन डाव्या हातानं सुकाणू न्हाय धरनार.”

बाईंनी त्याच्या जांघेतली कातडी पट्टीसारखी उचलली, एका टोकाला तशीच जोडलेली ठेवली आणि त्याचा हात खाली आणून त्या कातडीखाली शिवला. तीनेक आठवडे हात तिथेच राहायचा. हाताला स्वतःचं रक्त मिळायला लागलं की मग सोडवायचं. आता तुम्ही कल्पना करा. सहा फुटी तांडेल, वादळात लाटांना शिव्या घालणारा, आणि त्याचा हात भलत्याच ठिकाणी शिवलेला. भेटायला येणारी माणसं दारातूनच वळून भिंतीकडे तोंड करायची. हसू लपवायला. हिराजी म्हणायचा, “हसा, हसा. समुद्रावर या माज्याबरोबर, मग बघतो.”

तंबाखूची पिशवी बाईंनी पहिल्याच दिवशी जप्त केली होती. चहासुद्धा बंद, त्यानेही नळ्या आकसतात म्हणून. दोन दिवस झाले आणि फ्लॅपच्या टोकाला जांभळट छटा आली. बाईंनी आमच्याकडून मलम नेलं. रक्ताच्या पेशी मऊ करून अरुंद नळ्यांतून जाऊ देणाऱ्या गोळ्या नेल्या. मलम लावलं की हिराजीचं डोकं दुखायचं. “दुखतंय म्हणजे मलम आत पोचतंय,” बाई म्हणाल्या. वॉर्डातल्या शांतामावशीने हातमोजे न घालता मलम लावलं, तर तिचंही डोकं धरलं. तिने आधी दृष्ट काढली, मग हातमोजे घातले.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी गोळ्या द्यायला वर गेलो होतो. बाई राउंडला आल्या. हिराजीची चादर उचलली आणि थांबल्या. हातावर, फ्लॅपवर, सगळीकडे बर्फाच्या पिशव्या. भुगा केलेला बर्फ, नीट थापलेला, पापलेट एक्स्पोर्टला चालल्यासारखं.

“हे कोणी केलं?”

त्या आवाजाने म्हणे पार सासवणे गावात नारळ पडले. मी म्हणत नाही, सासवण्याचे लोक म्हणतात.

जानकी पुढे आली. “मी केलं.”

“का?”

“का म्हंजे? काळं पडाया लागलं व्हतं. आमचा माल काळा पडाया लागला की आमी बर्फ घालतो. न् तुमीच नाय का सांगितलं, धक्क्यावर उभं राहून? पिशवी, न् बर्फ. मी पिशवीपन घातली हाय. नुसता बर्फ न्हाय लावला.”

बाईंनी एक पिशवी उचलून आतला बर्फ बघितला. हिराजी पलंगावरून म्हणाला, “माजा हात हाय का सुरमई, ते दोघी मिळून ठरवा.”

“हात आहे,” बाई म्हणाल्या. आवाज खाली आला होता. “जानकी, तुटलेलं बोट बर्फात. ते झोपवून ठेवायचं असतं, मी जोडेपर्यंत. हे जोडलेलं आहे. ह्याला जागं ठेवायचंय. थंडीने नळ्या मिटतात. आणि ह्या कातडीला अजून कळतच नाही गार काय नि गरम काय. तिला ओरडताही येत नाही.”

“मंग तसं सांगाया पायजे व्हतं.”

“हो. सांगायला पाहिजे होतं. पेशंटला मी तंबाखू विचारली, चहा विचारला. बोडणीत राहून बर्फ विचारला नाही. माझं चुकलं.”

आणि मग बाई कामाला लागल्या. पिशव्या काढल्या, कापसाने टिपून घेतलं. एसी बंद, पंखा बंद, खिडक्या बंद, हिराजीवर दोन घोंगड्या. शांतामावशी गरम पाण्याची पिशवी घेऊन धावली, तिला दारातूनच परत पाठवलं. कातडीला चटका कळत नाही, भाजून निघेल. रात्री हिराजी कूस वळला होता, त्याने फ्लॅपचा देठ मुरगळला होता. तो सरळ केला, कोपराखाली उशा लावल्या, ताणलेले टाके दोन ठिकाणी सोडले. मग मलम. मग सुई.

सुईने त्यांनी टोकाजवळ हलकेच टोचलं. काही नाही. जरा अलीकडे टोचलं. बऱ्याच वेळाने काळपट थेंब आला, जांभळाच्या रसासारखा.

“आता?” जानकीने विचारलं.

“आता बसायचं.”

बाईंनी त्या दिवशी ओपीडी बंद ठेवली. खाली पेशंटांची रांग लागली, मीच जाऊन सांगितलं की बाई आज एका हाताला बसल्यात. पलंगाच्या एका बाजूला स्टुलावर बाई, दुसऱ्या बाजूला जानकी. खोलीत इतकं उकडत होतं की भिंतीवरची पालसुद्धा घामाघूम होऊन खाली आली. बाईंच्या कपाळावरून घाम ओघळत होता आणि त्या अधूनमधून हिराजीकडे बघून म्हणत होत्या, “झोपू नकोस रे. कूस वळशील.” मी खाली-वर करत होतो. एकदा वर गेलो तेव्हा जानकी विचारत होती, “बाय, औषध लागू पडनार ना?”

मी दारातून डोळे मिटून मनात म्हटलं, बाई, आज तरी हो म्हणा.

“माहीत नाही,” बाई म्हणाल्या. “मला जे येतंय ते सगळं मी केलंय. औषधाने जेवढं होईल तेवढं होईल. पण हात जाणार नाही. टोक गेलं तर टोक कापेन, दुसरीकडची कातडी आणेन, परत शिवेन. हा तांडेल सुकाणू धरेल, एवढं मी सांगते.”

दुपार कलल्यावर त्यांनी परत सुई टोचली. थेंब आला. लगेच आला आणि लाल आला, कुंकवासारखा. बाईंनी तो कापसावर टिपून जानकीला दाखवला. जानकीने कापूस हातात घेतला आणि भांडायला आल्यासारख्या आवाजात म्हणाली, “मंग आता च्या देऊ का त्याला?”

“नाही!”

ह्या वेळी नारळ पडले ते मी स्वतः ऐकले.

टोकाची नखाएवढी पट्टी अखेर मेली, ती बाईंनी नंतर काढून टाकली. बाकी सगळं जगलं. हात सोडवला तेव्हा नाक्यावर मी ही गोष्ट मलमाच्या चमत्काराची करून सांगायला सुरुवात केली. माझ्या गोष्टीत मलम लावताच हाताला असा लाल रंग चढत गेला, जशी पहाट चढते. बाई औषधं घ्यायला आल्या होत्या, मागे उभ्या राहून सगळं ऐकत होत्या.

“दुकानदार,” त्या गिऱ्हाइकांसमोर म्हणाल्या, “तो मलमामुळे वाचला, टाके सोडल्यामुळे वाचला, ऊब मिळाली म्हणून वाचला की नुसता कोळ्याचा हात म्हणून वाचला, हे मला सांगता येत नाही. तुम्हाला कसं काय सांगता येतं?”

“बाई, मी दुकानदार आहे.”

“मग विका. पण त्याच्याबरोबर माझं नाव विकू नका.”

हिराजीच्या हाताची पुढची तऱ्हा मात्र मी एका शब्दानेही वाढवत नाही. जांघेची कातडी म्हणजे ओटीपोटाची शेजारीण, हातावर गेली तरी स्वतःला पोटाचीच समजत राहते. घरी गेल्यावर जानकीने त्याला असं खाऊ घातलं की त्याचं पोट सुटलं, आणि पोटाबरोबर हाताची पाठही सुटली. हातावर छोटीशी गादी. मुलं त्यावर डोकं ठेवून झोपायची. बाईंनी नंतर चरबी कमी केली, बोटांना व्यायाम लावला. मूठ मिटत नव्हती तोपर्यंत रोज पीठ मळायला लावलं. बोडणीचा तांडेल अंगणात बसून भाकरीचं पीठ मळतोय हे बघायला आजूबाजूच्या गावांतून माणसं यायची. मूठ मिटली. हिराजी परत समुद्रावर गेला.

मग गेल्या वर्षी बाईंनी हॉस्पिटल एका तरुण जोडप्याच्या हाती दिलं. लांबच्या एका कॉलेजात त्यांना शिकवायला बोलावलं होतं. “इथे मी एकावेळी एकच हात वाचवते,” त्या म्हणाल्या. “तिथे दहाजणांना शिकवलं तर बघा.” नाक्यावर निरोप समारंभ व्हायला हवा होता, मी भाषणही तयार ठेवलं होतं. बाईंनी नकार दिला. भाषण मी देणार हे कळलं होतं बहुतेक.

पण मुंबईपर्यंत बोटीने जायचं ते हिराजीच्याच ट्रॉलरमधून, हे जानकीने परस्पर ठरवलं होतं. नियमात बसतं की नाही हे विचारू नका. सकाळी भरती होती. बोडणीच्या धक्क्यावर अर्धं गाव आलं होतं. बाईंच्या बॅगा आधीच चढल्या होत्या. ट्रॉलर पाण्यावर वरखाली होत होता, धक्क्यापासून जवळ यायचा आणि लांब जायचा. कोणीतरी फळी आणली, बाईंनी हाताने बाजूला सारली. पदर खोचला. सँडल माझ्या हातात दिले.

हिराजी ट्रॉलरच्या कडेवर वाकला आणि त्याने डावा हात पुढे केला.

“तो नको,” बाई म्हणाल्या. “तो देवाने दिलाय. माझा दे.”

हिराजीने उजवा हात दिला. बाईंनी तो मनगटाजवळ घट्ट धरला. वजनाने बाई कोणाला ऐकणाऱ्या नव्हत्या. एक पाय त्यांनी उचलला, तेवढ्यात लाट आली आणि ट्रॉलर लांब सरकला. धक्का सुटला, कड अजून यायची होती, खाली पाणी. बाई नुसत्या त्या हातावर होत्या.

“ओढ,” त्या म्हणाल्या, आणि हिराजीने ओढलं.